पहिल्या सत्राची खोली : प्रकल्प नोंदी, रत्नागिरी, जून ते ऑक्टोबर २०२५

२ जून

खोली ताब्यात आली. मिऱ्याच्या बाजूला, समुद्रापासून पायी दहा मिनिटं. आतून १४ फूट लांब, १० फूट रुंद, साडेनऊ फूट उंच. चिऱ्याच्या भिंती, आतून गिलावा. वर स्लॅब आणि स्लॅबवर पत्र्याची शेड. दार आणि खिडकी दोन्ही पश्चिमेला, म्हणजे पावसाचा मारा थेट आत. यंदा पाऊस मे अखेरीसच उतरल्यामुळे ओल कुठे फुटते ते पहिल्याच दिवशी दिसलं: खिडकीखालचा कोपरा आणि पश्चिम भिंतीचा खालचा दीड फूट पट्टा.

समकालीन संगीताच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला बसणाऱ्या सहा जणांसाठी ही सराव आणि रेकॉर्डिंगची जागा. दोन गिटार, एक बास, एक कीबोर्ड, एक ड्रम, एक गायिका. चौघं भजनातून आणि नमन, जाखडी या कोकणातल्या लोककलांतून आलेली. ड्रमवाला आजवर ढोलकीवर, गायिका पेटीवर तयार झालेली. तास जुलैच्या मध्यावर सुरू होतील.

कामाचा क्रम आजच ठरवून फळ्यावर लिहिला. काही बिघडलं की आधी वायर तपासायची, मग खोली, मग वाद्य, आणि सगळ्यात शेवटी विद्यार्थी. पहिल्या वर्षातली मुलं हा क्रम उलटा लावतात. आवाज पातळ आला की बोटात जोर नाही म्हणतात, सूर हलला की कान कच्चा म्हणतात, आणि खरं कारण भिंतीतल्या सॉकेटमध्ये असतं.

५ जून

वायरिंग तपासलं. मल्टिमीटर एसीवर ठेवून प्रत्येक सॉकेटवर तीन आकडे घ्यायचे: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. अर्थिंग नीट असेल तर पहिले दोन जवळपास सारखे आणि तिसरा दोन-तीन व्होल्टच्या आत. आपल्याकडे आले २३१, ५८ आणि सतत हलणारा. ५८ याचा अर्थ अर्थिंगची वायर कुठेही पोचत नाही. वायरमनने सॉकेट उघडून दाखवलं. "सर, पिन हाय, भोक हाय, वायरच नाय."

परिणाम लगेच अनुभवता येतो. लॅपटॉपचा दोन पिनांचा चार्जर लावला, ऑडिओ इंटरफेस (वाद्याचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारं यंत्र) जोडला, गिटारच्या तारा धरल्या आणि दुसऱ्या अँपवरच्या माइकला हात लावला: झिणझिण्या. तारा आणि माइकची जाळी यांच्यात मीटर ९० व्होल्टच्या आसपास दाखवतो. चार्जरमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून झिरपणारा हा दाब. प्रवाह अगदी कमी, पण गाताना ओठ जाळीला लागले की चटका बसतो. मुलगी माइकपासून लांब राहून गायला लागते आणि मग "आवाज बारीक येतो".

तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये घालून घरघर घालवायची, हा उपाय गावोगावच्या ऑर्केस्ट्रात चालतो. इथे बंद. घरघर जाते, कारण अर्थ तुटतो. आणि अँपमध्ये कधी बिघाड झाला की तो अर्थ माणसाच्या अंगातून पुरा होतो.

९ जून

अर्थिंग नवीन. जांभ्यात रॉड ठोकून जात नाही, वरच्यावर वाकतो; भोक पाडून घ्यावं लागतं. तांब्याचा मुलामा दिलेला तीन मीटरचा रॉड, भोवती बेंटोनाइटची भर. मीठ-कोळसा टाकला नाही. मीठ धातू खातं आणि खारी हवा इथे ते काम आधीच करते आहे. पहिल्या रॉडवर अर्थ टेस्टरने ३१ ओहम दिले. तीन-तीन मीटरवर आणखी दोन रॉड घालून तिन्ही जोडले, १२ ओहम.

सगळे पाचच्या आत आणा म्हणतात. बारावर थांबलो, कारण बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) बसवली आहे आणि जीव वाचवायचं काम ती करते; तिला एवढा अर्थ पुष्कळ होतो. घरघरीचा रॉडच्या ओहमशी संबंध थोडा. त्यासाठी सगळी यंत्रं एकाच ठिकाणच्या अर्थवर असावी लागतात. म्हणून संगीताची सगळी यंत्रं एका बोर्डावर, एकाच पट्टीवर. पंखा, दिवे, एसी वेगळ्या लाइनवर.

घरघर ओळखायचा तक्ता दाराच्या आत चिकटवला:

तारांना हात लावला की घरघर कमी होते: गिटारमधली जोडणी ठीक आहे. सिंगल कॉइल (घरघर पटकन पकडणारा) पिकअप आहे, चार्जरपासून आणि ट्यूबलाइटपासून लांब बस, दिशा बदलून बघ.
हात लावला की वाढते: ब्रिजला जोडलेली अर्थची तार तुटली आहे. मागचं झाकण उघडून डाग द्यावा लागेल.
हात लावून फरकच नाही आणि लॅपटॉप चार्जरवरून काढला की थांबते: दोन वाटांनी अर्थ मिळतोय. डीआय बॉक्सवरचं (वाद्याचा आवाज थेट यंत्रात नेणाऱ्या डबीवरचं) ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे अर्थची एक वाट तोडणारं, बटण दाब.
लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर सुरू होते: इन्व्हर्टर चौकोनी लाटेचा आहे. रेकॉर्डिंग थांबव.

आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून घरघरही ५० ची. खर्जातली पांढरी पाच (जी) ४९ हर्ट्झ, म्हणजे घरघर तिच्याहून अर्ध्या सुराच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी चढी. कानाच्या तासाचा पहिला स्वर म्हणून हाच द्यावा असा विचार आहे. फुकट आहे आणि बारमाही.

१४ जून

आर्द्रतामापक आणला. स्वस्त मापकांवर आहे तसा विश्वास ठेवायचा नाही, आधी मिठाची परीक्षा घ्यायची. बाटलीच्या बुचात साधं मीठ, त्यावर पाण्याचे चार-पाच थेंब, इतकेच की मीठ ओलं होईल पण विरघळून पाणी होणार नाही. ते बूच आणि मापक एका घट्ट झिपच्या पिशवीत, रात्रभर. आत ७५ टक्के आर्द्रता तयार होते, ती मिठाची खोड आहे. आपल्या मापकाने सकाळी ८१ दाखवले. म्हणून मापकावर पट्टी चिकटवली: ६ वजा करा.

वजा करूनही खोलीत ८८. लाकडी गिटारला ४५ ते ५५ लागते. एवढी खोली पावसाळ्यात ५५ वर ठेवणं म्हणजे विजेचं बिल संगीताला देणं. ठरलं ते असं: वाद्यं कपाटात, कपाट बंद, आत सिलिका जेल, खोलीत सरावाआधी एक तास एसी ड्राय मोडवर. जेल नारिंगीचं हिरवं झालं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास. निळं-गुलाबी जेल घेतलं नाही, त्यात कोबाल्ट असतं.

कपाट पश्चिम भिंतीला टेकवायचं नाही. चार इंच पुढे, आणि जमिनीपासून वर.

२१ जून

ध्वनीची चौकट. आठ चौकटी, प्रत्येक चार बाय दोन फूट. आत ५० मिलिमीटरच्या रॉकवूलचे दोन थर, घनमीटरला ४८ किलो घनतेचं. वर साधं सुती कापड, मागे मच्छरदाणीची जाळी. कापताना मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्या; तरी रात्री खाज येतेच. लाकडाला वाळवीचं औषध. भिंतीपासून चार इंच सोडून टांगल्या. या पोकळीचे दोन फायदे: खालच्या स्वरांचं शोषण वाढतं, आणि भिंत घामेजली तरी रॉकवूल कोरडं राहतं. जिथे चौकट थेट भिंतीला लावतात तिथे भाद्रपदापर्यंत मागे काळी बुरशी येते.

जागा आरशाने ठरवल्या. एकाने ऐकायच्या खुर्चीत बसायचं, दुसऱ्याने भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा. आरशात जिथे स्पीकर दिसेल तिथे चौकट.

अंड्यांचे ट्रे लावू का, हे आजवर तिघांनी विचारलं. नाही. वरच्या टोकाची थोडी कुजबुज कमी होते, बाकी काही नाही. वर झुरळं येतात आणि आगीला आमंत्रण. काथ्याच्या जाड चटया मात्र जमिनीवर घातल्या. इथल्याच आहेत, टाळीचा झणझणाट तेवढा मरतो. पंधरा दिवसांनी उन्हाचा तुकडा मिळाला की बाहेर टाकायच्या.

२८ जून

चाचणीसाठी बास वाजवून पाहिला. वाजवणारा खोलीच्या बरोबर मध्ये बसलेला. खालची मोकळी ई तार पातळ, बाकी तारा भरदार. तो ई वर जोर काढत होता, अंगठा लाल. फळ्यावरचा क्रम: वायर ठीक. मग खोली.

हिशोब सोपा आहे. २८ अंश तापमानात आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४८ मीटर. खोलीची लांबी ४.२७ मीटर. वेगाला दुप्पट लांबीने भागलं की खोलीचा स्वतःचा सर्वांत खालचा स्वर मिळतो: ४०.८ हर्ट्झ. बासची मोकळी ई ४१.२. म्हणजे खोली नेमकी त्याच स्वरावर झुलते. अशा झुल्याचा दाब भिंतींपाशी सर्वांत जास्त आणि मध्यावर जवळजवळ शून्य. मध्ये बसणाऱ्याला ई ऐकूच येत नाही; मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलेल्याच्या छातीत दणका बसतो. रुंदीने ५७ आणि उंचीने ६० हर्ट्झ, हे दोन एकमेकांना खेटलेले, त्यामुळे ए तारेवरचा पहिला फ्रेट (मानेवरची आडवी धातूची पट्टी), म्हणजे काळी पाच, फुगलेला येतो.

चौकटींनी ४१ हर्ट्झ मरत नाही. त्या स्वराची लाट साडेआठ मीटर लांब, मागची पोकळी धरून आठ इंचांची चौकट तिला काय अडवणार. खुर्ची हलवायची. समोरच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर, म्हणजे १.६२ मीटरवर, जमिनीला पिवळी पट्टी मारली. ऐकणं आणि बास वाजवणं तिथे. ई पूर्ण आली नाही, पण वाजवणाऱ्याने जोर काढणं थांबवलं. खालच्या स्वरांचा अंतिम निर्णय हेडफोनवर.

४ जुलै

गिटार १, लाकडी. बाराव्या फ्रेटवर खालच्या ई तारेची उंची ३.४ मिलिमीटर. हवी २.४ च्या आसपास. बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून) धरताना बोटं दुखतात ही तक्रार खरी, पण दोष बोटांचा नाही. ओलीने वरची फळी फुगली, ब्रिज वर उचलला गेला.

करायचं ते: आधी मानेचा बाक. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटच्या फ्रेटवर तार दाबून सातव्या फ्रेटवर फट मोजायची; ०.२५ मिलिमीटरचं फीलर गेज जेमतेम सरकावं. इथे ०.४ होती. ट्रस रॉड (मानेतली बाक सावरणारी सळई) पाव फेरा, तारा पुन्हा सुरात, रात्रभर थांबून पुन्हा मोजणी. एका दमात अर्धा फेरा कोणीही देऊ नये. आता फट ०.२५, उंची ३.१.

करायचं नाही ते: सॅडल, म्हणजे ब्रिजवरचं हाड, घासायचं नाही. दुकानदार लगेच घासून देतात आणि मुलगा खूश होतो. डिसेंबरात लाकूड सुकून फळी बसली की तारा फ्रेटवर खडखडतात, आणि घासलेलं हाड परत येत नाही. पावसाळाभर एक सूर खाली लावून वाजवायचं आणि कॅपो गरज असेल तरच लावायचा. अशाने ताण कमी होतो आणि बोटं वाचतात.

तारा: साध्या ब्राँझच्या इथे दहा-बारा दिवसांत काळ्या पडतात. आवरण असलेल्या महाग, पण दोन महिने जातात. वाजवून झालं की कोरड्या सुती कापडाने तारेच्या खालूनही पुसायचं. जॅकमध्ये कॉंटॅक्ट क्लीनरच, गंज सोडवायचं तेल नाही.

ड्रमवाल्याला एक सुखद धक्का आहे. ढोलकीची शाई आणि चामडं पावसात उतरतं, प्लास्टिकची पानं उतरत नाहीत. बोल्ट मात्र गंजतात. प्रत्येक बोल्टला थेंबभर मशीनचं तेल.

१४ जुलै

तास सुरू. पहिल्या दिवशी प्रत्येकाने स्वतःचं काय आणायचं, यावर फार चर्चा होते म्हणून एकदाच लिहून ठेवतो. पाव इंची जॅकच्या दोन केबली, तीन मीटरच्या. एकच केबल घेऊन येणारा आठवड्यात दुसऱ्याची मागतो. वायरचे बंद हेडफोन. ब्लूटूथचे नकोत, त्यात आवाज दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद उशिरा येतो. क्लिप ट्यूनर. पाच रेघांची वही आणि पेन्सिल. फोमचे इअरप्लग. पेन ड्राइव्ह. ड्रमवाल्याला ५ ए मापाच्या काठ्या आणि रबरी पॅड. घरी ड्रमसेट हवाच असं नाही, पहिलं सत्र पॅडवर निघतं. सॉफ्टवेअर म्हणून स्वरलेखनाला म्यूझस्कोर, ते मोफत. रेकॉर्डिंगला रीपर, साठ दिवस वापरून बघता येतं. महाग प्लगइन कोणी विचारली तर उत्तर: पुढच्या वर्षी.

रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. एक मोनो ट्रॅक मिनिटाला ८.६ एमबी खातो. नावं तारीख-गाणं-वाद्य-टेक अशी. "फायनल नवीन २" नावाची फाइल दिसली की पुसली जाईल.

१७ जुलै

गायिका कीबोर्डसोबत सतत चढी. तिचं म्हणणं, "सर, कानच बिघडलाय." वायर ठीक, खोली ठीक. मग वाद्य, पण कीबोर्ड नाही, तिची घरची पेटी. पेटी मागवली, ट्यूनरसमोर मधल्या सप्तकातली पांढरी सहा दाबली: ४४४.६. कीबोर्ड ४४० वर. फरक १८ सेंट (अर्ध्या सुराचे शंभर सेंट), म्हणजे अर्ध्या सुराच्या पाचव्या हिश्श्याहून जरा कमी. दोन्ही एकदम दाबले की सेकंदाला साडेचार-पाच हेलकावे ऐकू येतात, मोजता येतात. आठ वर्षं ज्या पेटीवर गळा बसला तिच्याशी तो अगदी तंतोतंत आहे. कान उत्तम.

पेटीचे स्वर घासून उतरवायचे नाहीत. घरी सराव करताना कीबोर्डचं मास्टर ट्यूनिंग वर न्यायचं नाही, उलट महिनाभर पेटी बंद ठेवून ४४० च्या सुरावर गायचं. आठवड्यातून एकदा हेलकाव्यांचा खेळ: सिग्नल जनरेटर अॅपवर ४४०, आपण "आ", हेलकावे थांबेपर्यंत सरकत जायचं.

पट्ट्यांची नावं सहाही जणांनी पाठ केली. पांढरी एक सी, काळी एक सी शार्प, पांढरी दोन डी, अशी पुढे. काळी पाच म्हणजे बी फ्लॅट. गायिकेची पट्टी काळी दोन. पेपरवर ती ई फ्लॅट लिहायची, डी शार्प नाही: ई फ्लॅटला तीन कोमल खुणा पुरतात, डी शार्प मेजर लिहायला गेलं तर दुहेरी तीव्र स्वर घ्यावे लागतात आणि वाचणारा शिव्या देतो. गिटारवाल्यांनी तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून सीचे आकार धरायचे.

२३ जुलै

क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमच्या टिकटिकीवर, पहिलं रेकॉर्डिंग, ८० बीपीएम (मिनिटाला ८० ठोके). ड्रमवाला पॅडवर आठवे ठोके (एका ठोक्यात दोन) वाजवतो. स्क्रीनवर बहुतेक ठोके रेघेच्या थोडे मागे. त्याने मान खाली घातली. ढोलकीवर ज्याची लय कधी हलली नाही तो मागे का पडेल?

लूपबॅक परीक्षा: इंटरफेसच्या आउटपुटमधून केबल काढून त्याच्याच इनपुटला लावली, क्लिक वाजवून तीच परत रेकॉर्ड केली. मूळ क्लिक आणि परत आलेली यांत ४३२ सँपलचं अंतर, म्हणजे ९ मिलिसेकंद. यंत्रच मागे लिहितंय. रीपरच्या रेकॉर्डिंग सेटिंगमध्ये तेवढी भरपाई टाकली, पुन्हा परीक्षा, फरक शून्य. ड्रायव्हर किंवा सँपल रेट बदलला की ही परीक्षा पुन्हा. बफर (यंत्र एका वेळी हाताळतं तेवढी सँपल) रेकॉर्डिंगला १२८, मिक्सला १०२४.

भरपाईनंतर खरा दोष दिसला आणि तो वेगळाच निघाला. साधे ठोके रेघेवर, पण प्रत्येक उठावानंतरचा पहिला ठोका २५ ते ४० मिलिसेकंद पुढे. समेवर झेप घ्यायची सवय. भजनात ती शोभते, बुवा त्यावरच दाद घेतात. बँडमध्ये बास मागे राहतो.

उपाय: दोन बार (चार-चार ठोक्यांची आवर्तनं) क्लिक, दोन बार शांतता, उठाव शांततेत, परतीचा ठोका क्लिक आल्यावर उघडा पडतो. रोज दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही.

३० जुलै

बॅकबीट, म्हणजे चारपैकी दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर जोर. वर्गात "टू आणि फोरवर टाळी" म्हटलं की चौघं एक आणि तीनवरच देतात. यांना समजावण्यापेक्षा त्यांच्याच ठेक्यातून नेलं तर वेळ वाचतो.

कहरवा: धा गे ना ती, ना क धि ना. आठ मात्रा. चार-चारच्या एका बारमधले आठवे ठोके म्हणून धरल्या तर दोन आणि चार हे आकडे तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर येतात. म्हणजे पहिल्या ओळीतला "ना" आणि दुसऱ्या ओळीतला "धि". तोंडाने कहरवा चालू ठेवायचा, पायाने "धा"वर बास ड्रम, उजव्या हाताने आठही मात्रांवर हाय-हॅट, डावा हात फक्त त्या "ना" आणि "धि"वर. दहा मिनिटांत रॉकचा साधा बीट बसला. मग तोंड बंद करायचं, इथे तो मोडतो. दोन दिवसांनी मोडत नाही.

पुढची पायरी: गाण्याची लय ८० असेल तर मेट्रोनोम ४० वर ठेवून त्याचा ठोका दोन आणि चार समजायचा. बासवाल्याला हे सर्वांत जड गेलं, गायिकेला सर्वांत सोपं.

दादरा सहा-आठला सरळ जातो. रूपक सात-आठला जातो, ३ अधिक २ अधिक २. रूपकाची सम 'खाली'वर, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेवर असते, त्यामुळे यांना सात-आठचा पहिला ठोका हलका ठेवायची खोड लागते. ती ठेवू दिली आहे. चांगली वाटते.

८ ऑगस्ट

हार्मनी. जे इथून सोबत येतं ते पुष्कळ आहे: बिलावल म्हणजे आयोनियन, काफी डोरियन, भैरवी फ्रिजियन, कल्याण लिडियन, खमाज मिक्सोलिडियन, आसावरी एओलियन. नावं बदलायची, कान तयारच.

अडतं ते दुसरीकडे. यांच्या कानात सा कायम चालू असतो. सी मेजरमध्ये जी ७ आला, त्यातला नि त्या कानातल्या सा ला अर्ध्या सुराने घासतो आणि मुलं म्हणतात "कॉर्ड चुकला". तानपुऱ्याचं अॅप लावून कॉर्डचा सराव करणारे तर हमखास. अॅप बंद.

टू-फाइव्ह-वन (दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या स्वरावरचे कॉर्ड ओळीने) सरगममध्ये: रे म ध सा, मग प नि रे म, मग सा ग प नि. यातले फक्त तिसरे आणि सातवे स्वर घ्यायचे. पहिल्या कॉर्डचे म आणि सा. दुसऱ्याचे म आणि नि. तिसऱ्याचे ग आणि नि. म जागेवर, सा उतरून नि. मग नि जागेवर, म उतरून ग. एका वेळी एकच स्वर हलतो, अर्ध्या सुराने. दोघांनी हे दोन आवाज गायचे, बासवाल्याने रे, प, सा. कीबोर्डवाल्याने हात काढून घ्यायचे. सहा जणांतल्या पाचांना कॉर्ड बदलताना पहिल्यांदा "ऐकू" आला; सहाव्याला बास गायला लावल्यावर.

बाराही पट्ट्यांत, रोज दोन पट्ट्या.

१६ ऑगस्ट

पहिली पूर्ण रिहर्सल. या मापाच्या खोलीत ड्रम काठ्यांनी वाजवला की फोनवरचं ढोबळ मापक शंभरच्या वर. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. शंभरला पंधरा मिनिटं. इअरप्लग सगळ्यांना सक्तीचे, काठ्यांऐवजी बारीक काड्यांच्या जुडीचे रॉड, अँप जमिनीवरून उचलून कानाच्या दिशेला तिरपे. अँप पायाशी असला की वाजवणारा आवाज वाढवतो आणि गायिकेच्या कानावर मारा होतो.

पाऊस जोरात आला की शेडच्या पत्र्याचा आवाज स्लॅबमधूनही माइकमध्ये येतो. त्या वेळात डीआयने बास आणि कीबोर्ड घ्यायचे, गाणं पहाटे.

२५ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर

२७ ला गणपती. खोली बंद, कपाटात नवीन जेल, यंत्रांचे प्लग काढून ठेवले. विजा आणि लाइटच्या चढउताराचा भरवसा नाही. सुट्टी द्यावीच लागते, मृदंग सोडून ड्रम वाजवायला इथे कोणी थांबणार नाही.

गृहपाठ: घरच्या आरत्यांचं किंवा गावातल्या जाखडीचं फोनवर रेकॉर्डिंग. सुरुवातीची आणि शेवटची लय बीपीएममध्ये मोजायची, आणि कुठे वाढली ते कोणाच्या ठोक्याने वाढली ते लिहायचं.

१५ सप्टेंबर

गृहपाठ तपासला. एका जाखडीत सुरुवात ९२, शेवट १३८. ड्रमवाल्याने लिहिलं: लय ढोलकीने वाढवली नाही, नाचणाऱ्यांच्या चाळांनी वाढवली, ढोलकी मागून गेली. शिकवण्यासारखं उत्तर आहे. क्लिकच्या हिशोबात जो दोष, तो तिथे कामाचा भाग; मात्र दोन्हींत कोण पुढे आहे ते कळलं पाहिजे.

त्याच रेकॉर्डिंगवरून चार्ट. एक पान, चार बार एका ओळीत, कॉर्ड आकड्यांत लिहायचे म्हणजे गायिकेने ऐन वेळी पट्टी बदलली तरी पान तेच. पहिल्या खेपेला सहापैकी चार चार्टांत पुनरावृत्तीच्या खुणा चुकल्या. रंगीत तालमीत सगळे वेगवेगळ्या कडव्यांत पोचले. चार्ट परत लिहायला दिले, तोंडी दुरुस्ती चालणार नाही.

१४ ऑक्टोबर

आर्द्रता, सहा वजा करून, ७१. गिटार १ ची उंची आपोआप २.७ वर आली. सॅडलला हात लावलेला नाही. ट्रस रॉडची फट ०.२, म्हणून पाव फेऱ्याच्या निम्मा परत सोडला. डिसेंबरच्या मध्यावर पुन्हा मोजणी.

पश्चिमेच्या दोन चौकटी उतरवून पाहिल्या, मागे बुरशी नाही. खिडकीखालची एक मात्र तळाशी ओली. खालच्या चार इंचांत पाणी चढलं होतं. ती वर सरकवली. बोर्डावरच्या अर्थच्या क्लँपला हिरवा थर. घासून, ग्रीस लावून परत आवळला.

न्यूट्रल-अर्थ १.४ व्होल्ट. रॉड १३ ओहम. पाऊस ओसरतोय तसा हा आकडा चढणार, आणि जांभा मे महिन्यात किती कोरडा पडतो ते आत्ता सांगता येत नाही. अर्थ टेस्टर २० मे च्या आठवड्यासाठी सांगून ठेवला.